श्रीखंडे यांचा चौकोन

नागपूरला शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) हे मोठे गणितज्ञ. त्यांचे काम समजावे म्हणून आधी एक कोडे सांगतो.

सौंदड (स), कोहमारा (क), डव्वा (ड) या गावांतून इयत्ता २, ३, ४ चा एकेक मुलगा, म्हणजे ९ मुले आली. आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत प्रत्येक गाव व इयत्ता एकदाच यावी. मी चिंचोके मांडून पाहिले. जमले!

स२ क३ ड४
क४ ड२ स३
ड३ स४ क२

२ गावे, २ इयत्ता घेतल्या तर जमतच नाही. ६ चेही नाही. म्हणून थोर गणितज्ञ ऑयलर यांनी १७८२ साली लिहिले, की १०, १४, १८ चेही जमणार नाही. १९५९ साली बोस, श्रीखंडे व पार्कर यांनी ते चूक ठरवले. फक्त २ व ६ चेच जमत नाही.

शेतात धानाचे वाण पारखतानाही असे चौकोन आखतात. म्हणजे एकाच वाणाला सगळी चांगली जमीन मिळत नाही.

‘श्रीखंडे आलेखा’त १६ ठिपके असतात. प्रत्येक ठिपका दुसऱ्या ६ ठिपक्यांना जोडलेला. १६ × ६ = ९६; पण प्रत्येक रेघ दोनदा मोजली गेली, म्हणून रेघा ४८.

थोरांचे ऐकावे, पण करूनही पाहावे. ४ चा चौकोन जमतो. तुम्ही मांडा बरे!