पावसाळ्यात इगतपुरीला, घरच्यांकडे

इगतपुरीला घर असलं की पावसाळ्यात एक पंचाईत होते. जून संपता संपता ऑफिसातलं कोणी ना कोणी विचारतंच, "काय, या शनिवारी तुमच्याकडे?" त्यांना धबधबा हवा असतो, तुम्हाला आई-वडील. दोन्ही एकाच खेपेत उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात. आई दिवसभर भजी तळत बसते आणि तुम्ही पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा शोधत फिरता. तेव्हा मित्रांना वेगळी तारीख द्या, हवं तर हॉटेल बघून द्या. घरी जायचं ते घरच्यांसाठी, आणि फिरायचं तेही त्यांना जमेल तेवढंच. थोडं वाईट वाटेल कुणाला, वाटू द्या.

दिवस ठरवताना जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार आधी खोडून टाका. त्या दिवसांत एका बाजूने मुंबई आणि दुसऱ्या बाजूने नाशिक, अशी दोन्हीकडची वाहनं भावलीच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर येऊन अडकतात. मंगळवार-बुधवारची रजा टाकलीत तर तोच रस्ता तुमचा. घरी भातशेती असेल तर फोनवर एकच विचारा, "आवणी कधी धरलीय?" आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घर पहाटेच रिकामं होतं आणि संध्याकाळी दमून परत येतं. अशा वेळी पाहुणा म्हणून जाऊ नका, गेलात तर हात लावायला जा. बांधावरच्या रोपांच्या मुठी वाफ्यात पोचवायचं काम कुणालाही जमतं. लावायला उतरलात तर रोप अंगठ्याने चिखलात नीट दाबा. नुसतं टेकवलेलं रोप थोड्या वेळाने पाण्यावर तरंगताना दिसतं आणि मग काकू हसतात.

जायला रेल्वेच बरी. लोकल कसाऱ्यापर्यंतच येते. पुढे घाट चढायला लांब पल्ल्याची गाडी किंवा स्टेशनाबाहेरची शेअर जीप. पण म्हाताऱ्यांसाठी सामान असेल तर मुंबईहून थेट गाडी धरा, संध्याकाळची पंचवटी सोयीची पडते. कसाऱ्याला गाडी थांबून राहिली तर चुळबुळ करू नका. थळ घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला ती सोडतात. 1865 साली लोहमार्ग इथवर चढला आणि हे गाव त्याच्याच जिवावर वाढलं. आमच्याकडे निम्म्या घरांत अजून कोणी तरी रेल्वेतून निवृत्त झालेलं सापडतं.

गाडीने येणार असाल तर दोन वाटा आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. त्यावरचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा घाट खालच्या खाली संपवतो. वेळ वाचतो, पण दुचाकी आणि रिक्षांना तिथे परवानगी नाही. जुन्या कसारा घाटाने यायचं तर उजेडी या. धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचे मागचे दिवेही ऐनवेळी दिसतात.

सामानात चैनीपेक्षा कामाचं भरा. इथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हणून अंतर्वस्त्रं आणि मोजे मोजून त्याहून जास्त घ्या. वीज जाते, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक घ्या, परतताना आई-वडिलांकडेच ठेवून येता आली तर उत्तम. आईची बीपीची, साखरेची औषधं महिन्याभराची घ्या, पण आधी तिच्याकडून रिकाम्या पाकिटाचा फोटो मागवा. आणि घाटावरच्या माणसाला समुद्राकडून काय न्यावं, याचं उत्तर एकच: सुके बोंबील, सुकट, जमलं तर सोडे. मुंबईच्या बाजारात मे महिन्यातच घेऊन ठेवा, कारण पावसात ते ओल धरतात. दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर डब्यातले प्रवासी कसाऱ्यापर्यंत तुमच्याकडे बघत राहतात.

पोचल्याचा पहिला दिवस कुठेही जायचं नाही. हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी घरातली तुंबलेली कामं काढा: कौल सरकलंय का, पत्र्याचा खिळा गळतोय का, बँकेचं केवायसी राहिलंय का, वडिलांच्या फोनमध्ये कुठलं भलतंच अॅप आलंय का. ही कामं कोणी आपणहून सांगत नाही. चहा पिताना विचारावी लागतात. जेवायला पनीर मागवू नका. या दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी, कोवळी असतानाच खायच्या या भाज्या येतात, सोबत नागलीची भाकरी. रानातून भाजी घेऊन दारावर येणाऱ्या बाईंशी घासाघीस करू नका, त्या ती भाजी पावसात डोंगर चढून खुडून आणतात. ओढ्याचे खेकडे मिळाले तर ते साफ करायचं काम स्वतःकडे घ्या.

दुसऱ्या दिवशी बाहेर. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर घाटनदेवी. महामार्गालगतच देऊळ आहे, रिक्षा दारापर्यंत जाते, आणि मागच्या बाजूला गेलं की दरी. ढग सरकला तर खाली घाट दिसतो, नाही सरकला तर पांढरा पडदा. दोन्ही वेळा आजी समाधानी असते, कारण तिला देवीची ओटी भरायची असते. तिथून जवळच उंटदरी आहे. रस्त्यावर गाडी उभी करून कठड्यावर चढणाऱ्यांच्या रांगेत मात्र जाऊ नका.

कोणी तरी "धम्मगिरीला जाऊन येऊ" म्हणेल. सत्यनारायण गोएंकांच्या या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरं चालतात. पण सहज डोकावून ध्यानाला बसावं अशी ती जागा नव्हे. शिबिर दहा दिवसांचं, मौनाचं, नाव आधी नोंदवावं लागतं. घरातलं कोणी आत बसलं असेल तर त्याला भेटायला जाण्यात अर्थ नाही.

मुलांचा हट्ट असेल तर त्रिंगलवाडीचा किल्ला. पायथ्याशी जैन लेणं आहे, त्यात भग्न तीर्थंकरमूर्ती आणि 1344 सालचा शिलालेख. लेण्यापर्यंत मुलं आणि धडधाकट आजोबा आरामात जातात. किल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजाजवळचा मारुती मात्र पाऊस ओसरल्यावरच पाहा. शेवाळावर बूटही टिकत नाही. कळसूबाई, 1646 मीटर, ही वेगळ्याच दिवसाची गोष्ट. बारी गावातून चढावं लागतं, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, आणि घरी दोन दिवस आलेल्या माणसाने त्यातला एक शिखरावर घालवावा हे मला पटत नाही.

भावलीला जायचंच तर सकाळी नऊच्या आत. रस्त्यालगतचे धबधबे गाडीतूनही दिसतात. पाण्यात उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणी बंदी घालतं, तेव्हा निघण्यापूर्वी शेजारच्या मुलाला विचारा. त्याला कुठला रस्ता वाहून गेलाय हेही ठाऊक असतं. दुपारचा वेळ उरला तर कावनई किंवा सर्वतीर्थ टाकेद. कावनईला किल्ल्याच्या पायथ्याशी कपिलधारा तीर्थ आहे. टाकेदला रामाने जटायूसाठी बाण मारून पाणी काढलं अशी श्रद्धा. दोन्ही जागी गाडी जवळ जाते, बसायला मिळतं, आणि घरातल्या बायकांना तिथे आपापल्या ओळखी भेटतात. खरं तर आईला फिरायला नेणं म्हणजे निम्मं हेच.

घोटीत भात-गिरण्या आहेत, परतण्याआधी तांदूळ तिथून घ्या. पावसाळ्यात इंद्रायणी मागताना तो गेल्या हंगामाचा आहे ना, हे विचारा. जुना तांदूळ मोकळा शिजतो. नवा हवा असेल तर दिवाळीनंतर या. तो चिकट होतो, पण पेजेला आणि दूधभाताला त्याच्यासारखा नाही. पोतं रेल्वेने नेऊ नका, दहा किलोची पिशवी पुरे.

मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या घाटापूर्वी ब्रेक तपासायला इगतपुरीला थांबतात. तेवढ्यात फलाटावरचा वडापाव होतो. सोडायला आलेल्या वडिलांना आधी द्या. सकाळची पंचवटी पकडणार असाल तर आरक्षण करूनच बसा, पासधारकांच्या डब्यात शिरलात तर कल्याणपर्यंत बोलणी खाल. आणि निघताना पुढची तारीख सांगून टाका. "बघू, जमलं तर" असं म्हणालात तर आई त्या आठवड्यापासूनच डबे भरायला घेते आणि वडील रोज संध्याकाळी गाडीची वेळ विचारत बसतात.