सही लॉटची, कार्डाची नव्हे

चि. भाच्यास,

चाकणला क्वालिटीत लागलास आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी फिरत्या कानबान कार्डांवरच्या तपासणीच्या सह्या तुझ्याकडे सोपवल्या. लॅमिनेट केलेल्या कार्डावरच चौकोन आखायचा, इन्स्पेक्टरने मार्करने सही करायची, नवा फेरा लागला की पुसायची, असं तू ताईला फोनवर सांगत होतास. थांब जरा.

भोसरीतल्या एका कारखान्यात हीच पद्धत होती. तुझा मामा तिथे इन्स्पेक्टर होता. सेकंड शिफ्टला बुशांचा एक ट्रे असेंब्लीला गेला. चाळीस नग, कार्डावर मामाची सही. पण ती मागच्या फेऱ्यातली, पुसायची राहून गेलेली. या बुशांना प्लग गेज लागलाच नव्हता. नंतर लावून पाहिला तर नो-गोची बाजू, जी आत जायलाच नको, आरामात आत जात होती. सही खोटी नव्हती, तपासणी मात्र झालीच नव्हती.

टोयोटात ताइची ओनो यांनी १९५३च्या सुमारास ही कार्डं मशीन शॉपमध्ये आणली, ती कुठे किती माल हवा हे सांगायला. माल उचलला की कार्ड सुटतं आणि मागे जातं. सदोष माल पुढे पाठवायचा नाही, हा त्या पद्धतीचा नियमच आहे. पण तो पाळल्याचा पुरावा फिरत्या कार्डावर टिकत नाही. आज ते एका लॉटबरोबर असतं, परवा दुसऱ्या.

म्हणून कार्डाला कायमचा नंबर दे, आणि दर फेऱ्याला ट्रेत लॉट नंबरची नवी चिठ्ठी टाक. सही, तारीख, वेळ चिठ्ठीवर. ट्रे रिकामा झाला की कार्ड मागे, चिठ्ठी फाइलला. आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ८.६ मध्ये हेच मागितलंय: माल सोडायला मंजुरी कोणी दिली, त्या माणसापर्यंत पोचवणारी नोंद जपून ठेवा.

स्कॅनर मिळाला तर उत्तमच. क्यूआर कोड १९९४ मध्ये डेन्सोने काढला तोच मुळी वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. तेलाच्या डागांनी थोडा झाकला तरी वाचता येतो. फक्त दर फेऱ्याला नवी नोंद उघडली पाहिजे. नाहीतर तीच शिळी सही संगणकावर दिसेल.

रविवारी येताना चिठ्ठीचा नमुना आण. त्यात गेज नंबरचा रकाना हवाच. भोसरीला बाकीचे ट्रे कोणत्या गेजने तपासले हे शोधण्यातच अख्खी रात्र गेली होती.

तुझा,
मामा