रविवारचा उपदेश आठवडाभर कसा तयार करावा

शनिवारी रात्री चार पुस्तकांतली चार वचनं जुळवायची, रविवारी आवाज चढवून आशीर्वादाची आश्वासनं द्यायची, मंडळीनं ‘आमेन’ म्हणायचं. घरी गेल्यावर काय ऐकलं ते मात्र कोणालाच सांगता येत नाही. चिखलदरा आणि मेळघाटातल्या मंडळ्यांना यापेक्षा भरीव वचन मिळायला हवं. पाळक असोत की मंडळीतले वडील, ज्यांना व्यासपीठावर उभं राहावं लागतं त्यांच्यासाठी ही कृती आहे.

साहित्य थोडंच लागतं. एक वही, एक शब्दसूची आणि पवित्र शास्त्राची दोन भाषांतरं. बायबल सोसायटीचं घरात असतंच. जोडीला पंडिता रमाबाईंचं मिळवा. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं हे काम त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली छापून आलं. वऱ्हाडातच असलेली यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे मोठं ग्रंथालय हाताशी नाही. आहे ती पुस्तकं झिजेपर्यंत वापरायची.

सोमवारी उतारा ठरवा. सुटं वचन घेऊ नका, सबंध प्रसंग घ्या. होळीच्या सुमारास, कामाला बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं गावी परततात तेव्हा, रूथचा दुसरा अध्याय घ्यावा असं मी सुचवीन. 23 वचनं आहेत. त्या दिवशी काही लिहू नका, फक्त तीनदा मोठ्यानं वाचा. घरातल्या कोणाला तरी ऐकायला बसवा.

मंगळवार-बुधवार खरे कष्टाचे. उताऱ्यालाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत उतरवा. कोण कुठून आलं? दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेलं कुटुंब, तिथे पुरुष वारले, परत आल्या सासू आणि परदेशी सून रूथ. ही सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, ते कोणत्या हक्कानं? शब्दसूचीत ‘सरवा’ शोधा. लेवीय 19 आणि अनुवाद 24 सापडतील. शेताचे कोपरे कापू नका, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका, ते परक्याचं, अनाथाचं, विधवेचं आहे, असं नियमशास्त्र सांगतं. म्हणजे रूथ भीक मागत नव्हती. इथेच उपदेशाचा पाया लागतो, आणि तो एका वचनावर बोलणाऱ्याला कधीच सापडत नाही.

आता शेताचा मालक बवाज काय करतो ते एकेक पाहा. गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावायचा नाही. तहान लागली तर त्यांनी भरलेलं पाणी पी म्हणतो. जेवायला पंक्तीत बसवतो, हुरडा देतो. पेंढ्यांतून मुद्दाम काही काड्या गाळायला सांगतो. संध्याकाळी तिनं झोडपलेलं जव एफाभर, म्हणजे सुमारे 22 लिटर भरतं. हरभरा सोंगायला सपाटीवर जाणाऱ्या बाईला यातली प्रत्येक गोष्ट कळते: मुकादमाची नजर, पाण्याचा माठ, जेवणाची सुट्टी. तिला समजावायला वेगळा दृष्टांत लागत नाही.

गुरुवारी वही मिटून दोन घरी जा. उपदेश करायला नाही, ऐकायला. मजुरी वेळेवर मिळाली का, पोरं शाळेत परतली का, हे विचारा. कोणाचं खाजगी दुःख मात्र व्यासपीठावर नेऊ नका.

शुक्रवारी सगळ्याचं सार एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: देवानं गरिबाचा वाटा नियमातच ठेवला आहे आणि तो देणारा माणूसही तो उभा करतो. या वाक्याला न लागणारं सगळं कापा, कितीही आवडलं तरी. मांडणीसाठी कीर्तनाकडे पाहा. आधी पूर्वरंगात अर्थ उलगडायचा, मग उत्तररंगात आख्यान लावायचं. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी 19 व्या शतकातच हे आपलंसं केलं होतं. बवाजापाशी, सोडवणाऱ्या नातलगापाशी कथा पोचली की प्रभू येशूकडे जाणारी वाट आपोआप उघडते. ती ओढूनताणून काढू नका.

कोरकूत सांगणारा भाऊ असेल तर उतारा आणि ते वाक्य त्याला शुक्रवारीच द्या. जॉन ड्रेक या मिशनऱ्यानं कोरकूचं व्याकरण 1903 साली छापलं, इतकी मेहनत त्या काळी भाषेवर घेतली गेली. आपण ऐनवेळी दुभाष्याला उभं करणं बरोबर नाही.

शनिवारी प्रार्थना, आणि घड्याळ लावून एकदा मोठ्यानं म्हणणं. अर्ध्या तासात बसवा.

रविवारी आधी सबंध अध्याय सावकाश वाचा. उपासनेनंतर दोघांना विचारा की काय ऐकलं. तुमचं वाक्य त्यांच्या शब्दांत परत आलं तर काम झालं. नाही आलं तर कुठे सुटलं ते वहीत नोंदवा आणि सोमवारी तिसरा अध्याय उघडा. रूथच्या पुस्तकात चारच अध्याय आहेत, एक महिना पुरतात.