पांढऱ्याची पारख

रात्री दिव्याच्या पिवळसर उजेडात वही उघडली, तरी तिचा कागद वाचणाऱ्यास पांढराच भासतो. याचे कारण, मनुष्याचे डोळे व मेंदू त्या उजेडाशी जुळवून घेतात. कॅमेऱ्याजवळ ही उपजत शक्ती नाही. म्हणून छायाचित्रात तोच कागद पिवळट उतरतो.

प्रकाशाची ही छटा केल्विन या एककात मोजतात. मेणबत्तीचा तांबूस प्रकाश सुमारे १९०० केल्विन, तर भर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विन असतो. निळ्या आकाशाखालील सावलीत हा आकडा आणखी वाढतो. या छटेनुसार डिजिटल कॅमेऱ्यातील तांबड्या व निळ्या रंगांचे प्रमाण कमीअधिक करणे, यालाच श्वेतसंतुलन म्हणतात. त्यासाठी कॅमेऱ्यात सूर्य, ढग, दिवा अशी चिन्हे असतात. अधिक अचूकता हवी असल्यास त्याच प्रकाशात कोऱ्या पांढऱ्या कागदाचे छायाचित्र घेऊन तो कागद कॅमेऱ्यास प्रमाण म्हणून नेमून द्यावा.

२०१२ साली मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ यानावर याच हेतूने ज्ञात रंगांचे लहान तुकडे बसविलेले आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्याविना छायाचित्रातील तांबूसपणा खडकाचा की धुळकट आकाशाच्या प्रकाशाचा, हे शास्त्रज्ञांना कसे कळावे?

मात्र येथेही तारतम्य हवे. सूर्यास्ताच्या छायाचित्रातील सोनेरी छटा दोष समजून पुसून टाकली, तर कागद पांढरा होईल. पण सायंकाळ हरवेल.

अभ्यास
१. कागद डोळ्यांना पांढरा, परंतु छायाचित्रात पिवळट का दिसतो?
२. सूर्यास्ताचे छायाचित्र घेताना कोणते तारतम्य राखावे?