रोइंगचे कपडे : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

पुण्यात मुळा नदीवरच्या एखाद्या बोट क्लबात नाव घातलं की नवखी मुलं आधी यूनिसूटच्या किमती बघायला लागतात. बनियन आणि शॉर्ट एकत्र शिवलेला हा तंग पोशाख शर्यतीत सगळ्यांच्या अंगावर दिसतो, म्हणून तो आधी हवा असं वाटतं. परदेशी बनावटीचा मागवला तर पाठवणावळ आणि कस्टम ड्यूटी धरून सात-आठ हजारांवर जातो. पहिल्या वर्षी तो मुळीच घेऊ नका. १९२८पासून चालत आलेल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या रेगाटासारख्या नौकानयनाच्या कार्यक्रमात उतरायची वेळ आलीच, तर सगळ्या चमूचे सूट एकगठ्ठा शिवून घ्यावेत. जर्सी शिवणारे साधारण दीड ते अडीच हजारांत करून देतात.

सरावाच्या कपड्यांत कंपनीपेक्षा माप महत्त्वाचं. बोटीतली सीट चाकांवर पुढेमागे सरकते. टी-शर्ट मागून लांब आणि सैल असला की त्याची कड चाकाखाली जाते. वल्ह्याची मूठ दर खेपेला पोटापाशी येते, तेव्हा अंगठा हुडीच्या खिशात अडकतो. वेगात असताना मूठ अडकली तर वल्हं पाण्यात रुततं आणि माणूस सीटवरून फेकला जाऊ शकतो. म्हणून अंगाबरोबरचे, बिनखिशाचे कपडे घ्या. दुकानातच खाली बसा, गुडघे छातीशी घेऊन हात पुढे ताणा. कंबर उघडी पडली तर तो टी-शर्ट परत ठेवा.

पॉलिस्टरचा टी-शर्ट ३०० ते ५०० रुपयांत मिळतो, दोन पुरतात. सुती नको, तो घाम पिऊन जड होतो आणि थंडीत अंगाला गार चिकटतो. खरा खर्च शॉर्टवर करा. सायकलिंगची तंग शॉर्ट, पण जाड पॅड नसलेली, ५०० ते ९०० रुपये. बसायच्या हाडांखाली जाड शिवण येत नाही ना, हे हाताचं बोट फिरवून पाहा. तासभर सरकल्यावर तीच शिवण कातडी सोलते. बोटीतले बूट जागेवर पक्के बसवलेले असतात आणि तेच सगळे वापरतात, त्यामुळे मोजे स्वतःचेच हवेत. दोन जोड, ३०० ते ६०० रुपये. टोपी धरून उन्हाळ्याची सगळी तयारी दोन ते साडेतीन हजारांत होते.

उन्हाळ्यात फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. मांड्या आणि गुडघे सतत वर उघडे असतात, तिथे सनस्क्रीन विसरू नका. चष्म्याला दोरी बांधा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, त्यात पाण्यावरचा वारा. तरीही जाड स्वेटर चुकीचाच, कारण दहा मिनिटांत अंग तापतं. होजिअरीच्या दुकानातलं अंगाला बसणारं थर्मल (४०० ते ८००) आणि त्यावर चेनचं बिनबाह्यांचं विंडचीटर (७०० ते १,२००) घ्या, म्हणजे मध्येच चेन उघडता येते. हातमोज्यांनी मुठीवरची पकड बिघडते. त्याऐवजी मुठीवर चढवायची पोगी वापरतात. तिच्यात हात आत जातो आणि मूठ उघड्या तळव्यानेच धरता येते. जुन्या फ्लीसची ती कोणताही शिंपी शिवून देईल. बोटीची दिशा सांभाळणाऱ्या कॉक्सची गोष्ट मात्र वेगळी. तो हलत नाही, वारा खात बसतो. त्याला जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच, आणि लाइफ जॅकेट या सगळ्यावरून नीट बसलं पाहिजे.

पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडलं की बोटी बाहेर काढूच नयेत. एरवीच्या रिमझिमीत रेनकोट नको, आत वाफ कोंडते. टी-शर्ट भिजू द्या आणि कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत किनाऱ्यावर ठेवा. नदीचं पाणी स्वच्छ नाही, तेव्हा कपडे त्याच दिवशी धुवा. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर बसला की पॉलिस्टर घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं.