पिकअपला पुढचा सॉलिड ॲक्सल

प्रश्न : माझी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. धान आणि तेंदूपानाच्या हंगामात जंगलरस्त्यावर पुढचे सस्पेन्शन सारखे काम काढते. पाट्यांवरचा सॉलिड ॲक्सल बसवायचाय. जिप्सीचा घेऊ की जुन्या महिंद्रा जीपचा? – एक वाचक, चिचगड

उत्तर : जिप्सीचा नको. ती गाडीच मुळात टनभराची. भरलेल्या पिकअपला तिचा ॲक्सल पुरणार नाही. एमएम ५४० किंवा ५५० चा बघा. मात्र भंगारवाला म्हणेल तो रेशो धरून चालू नका. एक चाक जमिनीवर, दुसरे जॅकवर ठेवा, हब लॉक करा. वरचे चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा, तोच रेशो. मागच्या ॲक्सलचाही असाच काढा. दोन्ही जुळले नाहीत तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस ताणली जाईल. ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट ज्या बाजूला निघतो, त्याच बाजूला डिफरन्शिअल हवे. हौसिंग वाकलेले नाही ना, तेही तपासा. पाटे बसवताना कॅस्टर चुकला की स्टिअरिंग थरथरते.

आता नावडती गोष्ट. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. मालवाहू गाडीला फिटनेस चुकत नाही. म्हणून आधी गोंदियाच्या आरटीओत विचारा. खरे तर बॉल जॉइंट आणि बुश नवे टाकून भार कमी केलात, तर बहुधा ॲक्सलची गरजच उरणार नाही.