बंद दाराआडची बहीण
शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता 139:13-16, योहान 8:1-11, गलतीकरांस 6:2

कोविडच्या साथीत, मार्च 2020 मध्ये, इंग्लंडात दहा आठवड्यांच्या आतील गर्भपातासाठी फोनवर सल्ला घेऊन मिफेप्रिस्टोन व मिझोप्रोस्टॉल ही दोन्ही औषधे घरीच घेण्याची मुभा मिळाली. 2022 मध्ये ती कायम झाली. गोळ्या टपालानेही येऊ लागल्या.

गर्भातील जीव देवाच्या हातची घडण आहे, असे आम्ही मानतो. म्हणून ही वार्ता आम्हांस जड वाटते. परंतु दार लावून एकटी बसलेली ती बहीण आमच्याकडे का आली नाही? आमच्या हातांतले धोंडे तिला दिसले काय? सारे निघून गेल्यावरही प्रभू त्या स्त्रीजवळ थांबला. औषध टपालाने येते. ओझे वाहणाऱ्याला मात्र स्वतःच जावे लागते.

मननासाठी प्रश्न : अडचणीत सापडलेली मुलगी आपल्या मंडळीत कोणाचे दार ठोठावील?